भिंतीतली तीन भोके

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता आमच्या आळीतली एक मुलगी मला भेटायला आली. लहानपणी ती माझ्या वर्गात होती. आता परिचारिकेचे शिक्षण पुरे करून ती इंग्लंडातल्या एका इस्पितळात नोकरीला निघाली होती. पाया पडून झाले, चहा झाला. बरोबर तिची आई होती आणि आईच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला मिक्सर होता. मला वाटले, आधी बाजारात जाऊन आल्या असतील. पण तो मिक्सर हाच त्यांच्या येण्याचा मुद्दा निघाला.

आई म्हणाली, "बाई, हिला मी म्हणते मिक्सर घेऊन जा, तिकडे खोबरे कशावर वाटशील? तर ही म्हणते, आपली पिन तिकडच्या भिंतीत बसत नाही."

आणि मुलीने मला विचारले, "बाई, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवला. इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले. रेल्वे त्यांनी आणली, पोस्ट त्यांनी आणले, विजेचे कायदे त्यांनी केले. मग आपला प्लग त्यांच्याच भिंतीत का बसत नाही?"

मी हसले, पण खरे सांगते वाचकहो, ते हसणे उत्तर येत नसलेल्या मास्तरणीचे होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विज्ञानाशी जो काही संबंध होता तो त्या परीक्षेच्या शेवटच्या पेपराबरोबर संपला. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत दिवे पुष्कळ लावले आणि विझवले. पण दिव्यामागची तार कुठून येते याचा विचार केला नाही. मुलीला म्हटले, "मला आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत मी जे वाचले आणि आमच्या शाळेची वायरिंग करणाऱ्या म्हाताऱ्या वायरमनकाकांना जे विचारले, त्याची ही हकिगत.

ती सांगण्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती घडली नसती तर मी त्या मुलीचा प्रश्न बहुधा हसण्यावारी नेला असता.

बरीच वर्षे झाली. अमेरिकेत असलेल्या माझ्या धाकट्या भावाने आईच्या गुडघ्यांसाठी शेकाची विजेची गादी पाठवली होती. मऊ, निळी, सुबक. तिची पिन चपटी, आपल्या भोकांत न बसणारी. मी बाजारातून पिन बदलणारा एक ठोकळा आणला. गादीची पिन ठोकळ्यात बसली, ठोकळा भिंतीत बसला, आणि बसले म्हणजे जमले अशा समजुतीने मी बटण दाबून स्वयंपाकघरात गेले. दोन-तीन मिनिटांत आईची हाक आली. जाऊन पाहते तो गादीतून धूर येतोय, चादरीला भोक पडलेय आणि आईच्या गुडघ्यावर रुपयाएवढा फोड आलाय. आई मात्र म्हणाली, "अगं, शेक तर चांगलाच बसला!" तो डाग तिच्या गुडघ्यावर शेवटपर्यंत राहिला.

गादीच्या कोपऱ्यात शिवलेल्या चिंधीवर बारीक अक्षरांत १२० व्होल्ट असे लिहिलेले होते. आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. काकांनी मला नंतर हिशेब करून दाखवला. तापणाऱ्या वस्तूला दुप्पट दाब दिला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. १२० ऐवजी २३० दिले तर साडेतीनपटींहून अधिक. उलट आपली इस्त्री अमेरिकेत लावली तर ती जेमतेम पावपटीने तापेल. कपड्याची सुरकुतीही हलणार नाही. म्हणजे पिन बसणे ही एक गोष्ट आणि वीज जुळणे ही दुसरी. माझ्या ठोकळ्याने पहिली गोष्ट साधली होती आणि दुसरी माझ्यापासून लपवली होती.

आता मूळ हकिगतीकडे वळू.

विजेचा व्यवसाय सुरू झाला तो दिव्यांसाठी. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने आपले वीजघर सुरू केले. त्याच्या दिव्यातली कोळशाची तार शंभर व्होल्टच्या आसपास नीट जळे. वाटेत तारांत थोडा दाब खर्च होई, म्हणून वीजघरातून ११० व्होल्ट सोडायचे असे ठरले. हा आकडा कोणा शास्त्रज्ञाने सिद्धांत मांडून काढलेला नव्हता, एका विशिष्ट दिव्याच्या सोयीने पडलेला होता. पण लोकांनी त्या आकड्याचे दिवे विकत घेतले, मग त्या आकड्याची यंत्रे घेतली, आणि आकडा घरोघर रुजला. आज अमेरिका १२० व्होल्टवर आहे ती त्याच जुन्या आकड्याच्या वारशाने.

इथे आपल्या एका मराठी मुलीची आठवण येते. गोपाळराव जोश्यांची पोस्टातली नोकरी. तिच्या बदल्यांमुळे काही काळ आमच्या जिल्ह्यातल्या अलिबागला राहिलेल्या आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तेथून त्या कार्पेंटरबाईंच्या घरी गेल्या, ते घर न्यूजर्सीतल्या रोझेल गावी. मौज अशी की हे रोझेल म्हणजे एडिसनने खांबांवरून तारा नेऊन उजळलेले पहिले गाव. तिथले दिवे १९ जानेवारी १८८३ रोजी लागले होते. म्हणजे अठरा वर्षांची ही मुलगी समईच्या देशातून निघाली आणि जगातल्या अगदी पहिल्या वीजगावांपैकी एकात जाऊन उतरली. तिच्या सामानात प्लगाची चिंता नव्हती. कारण तोवर प्लग नावाची वस्तू घरांत रूढ झालेलीच नव्हती. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. तो सगळा काळ विजेच्याही बाळपणाचा होता.

एडिसनची वीज एकाच दिशेने वाहणारी होती. तिचा दाब कमीजास्त करणे त्या काळी सोपे नव्हते, म्हणून ती वीजघरापासून मैलभराच्या पलीकडे परवडेना. उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे तसे नव्हते. ट्रान्सफॉर्मर लावून तिचा दाब वाढवा, बारीक तारांतून ती दूर न्या, आणि घराजवळ पुन्हा दाब उतरवा. वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांनी ही बाजू लढवली आणि जिंकली. एडिसनची पद्धत हरली. पण त्याचा आकडा मात्र घराघरांत टिकून राहिला.

युरोपात निराळे घडले. बर्लिनच्या वीजकंपनीने १८९९ च्या सुमारास २२० व्होल्टवर जायचे ठरवले. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज एक-चतुर्थांश होते. तांब्यात एवढी बचत झाली की गिऱ्हाइकांची जुनी उपकरणे बदलून देण्याचा खर्च त्यातून भागला. युरोपातली घरे तेव्हा फारशी उजळलेली नव्हती, म्हणून बदल स्वस्तात पडला. जो आधी शिकतो तो जुन्या पुस्तकात अडकतो, हा अनुभव आम्हा शिक्षकांना काही नवा नाही.

व्होल्टप्रमाणेच दुसरा आकडा आवर्तनांचा. वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते? अमेरिकेत ६० वेळा, युरोपात आणि आपल्याकडे ५० वेळा. जपानची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. टोकियोच्या कंपनीने यंत्रे जर्मनीहून आणली, ती ५० आवर्तनांची. ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून आणली, ती ६० ची. दोन खरेद्यांमुळे एका देशाचे दोन भाग झाले, ते अजून एक झालेले नाहीत. २०११ च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीने पूर्वेकडची वीजघरे बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती हवी तेवढी इकडे देता येईना. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्यांची किंमत त्या अंधारात बसलेल्या लोकांनी मोजली.

आता आपल्या घरी येऊ.

आमचे विचुंबे आज नव्या पनवेलीला लागलेले, इमारतींनी भरत चाललेले गाव आहे. इथून खोपोली साधारण चाळीस किलोमीटर. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र तिथे सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटे येथे पाणी अडवून ते घाटाखाली सुमारे सतराशे फुटांवरून नळांतून सोडायचे, त्या पाण्याने यंत्र फिरवायचे आणि वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरवायची. हे स्वप्न जमशेटजी टाटांचे. ते १९०४ साली वारले आणि काम त्यांच्या मुलांनी पुरे केले. पुढे १९२२ साली भिवपुरीला आणि १९२७ साली भिऱ्याला केंद्रे झाली. ही तिन्ही ठिकाणे आज आमच्या रायगड जिल्ह्यात आहेत.

पण वीज जन्मली आमच्या दाराशी आणि नांदायला गेली मुंबईला. माझ्या आजेसासूबाई सांगत की मुंबईला कामाला गेलेले गडी परत आले म्हणजे ओट्यावर बसून बटणाच्या दिव्याच्या गोष्टी सांगत आणि ऐकणारी माणसे कंदिलाची काच राखेने पुसत त्या ऐकत. खेड्यापाड्यांच्या वाट्याला वीज आली ती स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षांनी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या खांबांवरून. आणि भिऱ्याच्या विजेसाठी वर मुळशी खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. त्यांसाठी १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले आणि तुरुंगातही गेले. धरण झालेच. आपल्या भिंतीतल्या भोकांतून जी वीज येते तिच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी शेत असते, ही गोष्ट दिवाळीच्या झगमगाटात विसरू नये म्हणून इथे लिहिली.

मुंबईत विजेचे दोन प्रकार कसे शेजारी नांदले ते रेल्वेत दिसते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही आपल्या देशातली पहिली विजेची आगगाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिशा विजेवर. त्या काळी तेच शहाणपणाचे होते. पुढे देशाने २५,००० व्होल्टची उलटसुलट वीज स्वीकारली आणि मुंबई मात्र जुन्या विजेवर राहिली. मग दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या बांधाव्या लागल्या. पनवेलला येणारी आमची हार्बर लाईन नव्या विजेवर आली तेव्हा २०१६ साल उजाडले होते. रोजची लाखो माणसे वाहणारी गाडी न थांबवता तिची वीज बदलायची म्हणजे घरात माणसे झोपलेली असताना घराचा पाया बदलण्यासारखे. एवढ्या एका उदाहरणावरून कळेल की जगातली भोके आजवर एक का झाली नाहीत.

आता प्लग. आरंभी वीज फक्त दिव्यासाठी असल्यामुळे भिंतीत भोके नव्हतीच. ज्याला पंखा किंवा इस्त्री लावायची असे, तो दिवा काढून होल्डरलाच वायर जोडी. आपल्याकडेही जुन्या चाळींत दिव्याच्या होल्डरला लोंबणारी इस्त्रीची वायर पाहिलेले वाचक असतील. १९०४ साली अमेरिकेत हार्वे हबेल याने सुटा होणाऱ्या प्लगाचे पेटंट घेतले आणि तिकडे चपट्या पिनांची चाल पडली. जर्मनीत दोन गोल पिना आणि कडेला जमिनीशी जोडणाऱ्या पट्ट्या, अशी पद्धत १९२० नंतरच्या दशकात निघाली. ब्रिटनमध्ये तीन गोल पिनांचा प्लग आला आणि १९३४ साली त्याची मापे ठरवली गेली. दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपियर असे त्याचे चार आकार. यातले पाचाचे आणि पंधराचे आपण चांगलेच ओळखतो. दिव्याच्या बोर्डावरची लहान भोके आणि फ्रीज किंवा गिझरची मोठी भोके, ती हीच. आपल्या मानकात ती आता सहा आणि सोळा अँपियरची म्हणतात, पण वंश तोच.

म्हणजे आपला प्लग खरोखरच इंग्रजांचा. मग तो त्यांच्या भिंतीत का बसत नाही?

याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. बाँबहल्ल्यांनी ब्रिटनमधली असंख्य घरे पडली. युद्धानंतर ती बांधायची, त्यांत वीज घालायची, आणि तांबे तर महाग झालेले. यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली गेली. वीस जणांच्या त्या समितीत एकच स्त्री होती, कॅरोलिन हॅस्लेट. गृहिणींना विजेची ओळख करून देणाऱ्या महिलांच्या संघटनेचे काम ती १९२४ पासून पाहत होती. घरात वीज वापरणाऱ्या बायका आणि भोकांत बोटे घालणारी मुले यांचा विचार प्लगात व्हायला हवा, हा तिचा आग्रह.

समितीने सुचवले ते असे. प्रत्येक भोकासाठी बोर्डापासून वेगळी तार न ओढता घरभर एक कडे फिरवायचे आणि त्याच कड्यावर सगळी भोके जोडायची. म्हणजे तांबे वाचते. पण कड्यात प्रवाह मोठा, म्हणून प्रत्येक प्लगाच्या पोटात त्याचा स्वतःचा फ्यूज. पिना चौकोनी, म्हणजे जुना फ्यूज नसलेला प्लग नव्या भोकांत चुकूनही शिरू नये. आणि भोकांवर आतून पडदे. जमिनीची पिन सर्वांत लांब. ती आधी शिरते आणि पडदे उघडते, मगच बाकीच्या दोघींना वाट मिळते. मुलाने टाचणी किंवा खिळा खुपसला तरी पडदा बंदच.

या नव्या प्लगाचे मानक प्रसिद्ध झाले १९४७ साली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. इतिहास शिकवताना ते साल मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल! ज्या वर्षी इंग्रज आपला देश सोडून गेले, त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या घरातली भोकेही बदलली. आपल्याकडे मागे राहिला तो त्यांचा जुना प्लग. आपण तो ठेवला, कारण नवे राष्ट्र, पैसा थोडा, आणि आधी वीज पोहोचवायची की आधी भोके बदलायची, याचे उत्तर उघड होते. त्यांच्याकडेही जुनी घरे एका दिवसात बदलली नाहीत. पुढे बरीच वर्षे गोल भोके तिथे टिकून होती. नाटकवेड्या मराठी वाचकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे ब्रिटनमधल्या नाट्यगृहांत रंगमंचावरच्या दिव्यांना आपल्याकडचा तो पंधरा अँपियरचा गोल प्लग मागाहूनही चालत राहिला. त्यात फ्यूज नसतो, म्हणून उंच टांगलेल्या दिव्यापर्यंत शिडी लावून फ्यूज बदलायला चढावे लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या घरांतही तोच मोठा गोल प्लग रूढ झाला. आखाती देशांत मात्र, जिथे आपल्या कोकणातली इतकी माणसे राबतात, त्या दुबईसारख्या ठिकाणी इंग्रजांची नवी चौकोनी भोके.

पनवेलला लागून राहणाऱ्या मला आणखी एका प्रवासाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पनवेलला १८४९ साली बांधलेले बेथ एल हे बेने इस्रायली लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणत, ती ही मराठी बोलणारी मंडळी. पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आमच्याच गावांची आडनावे. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. जाताना मराठी घेऊन गेली, पुढे 'मायबोली' नावाचे नियतकालिकही तिथून काढले. तिथली वीज २३० व्होल्टांची, आपल्यासारखीच. पण प्लग जगावेगळा, तीन चपट्या पिना तिरक्या मांडलेल्या. १९८९ साली त्यांनी पिना गोल केल्या. मात्र नवे सॉकेट असे घडवले की त्यात जुनी चपटी पिनही बसावी आणि नवी गोलही. जुन्याला घराबाहेर न काढता नव्याला जागा देण्याची ही युक्ती मला फार आवडली. दूरदेशी गेलेल्या माणसांनाही असेच काही करावे लागत असेल.

सगळ्या जगाचा प्लग एक करावा, असे कोणाला वाटलेच नाही असे नाही. विजेच्या मापांसाठी १९०६ साली आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्याने १९८६ साली सर्वांसाठी एक प्लग आखूनही दिला. तो पुढे ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेने आपापल्या परीने घेतला, बाकीच्यांनी कपाटात ठेवला. भिंती फोडायचा खर्च कोणी करायचा? युरोपने दाब एक केला तोही कागदावरच. कुठे २२०, कुठे २४०. १९९५ पासून सगळे २३० म्हणायचे आणि थोडे वरखाली चालवून घ्यायचे. तारांतून वाहणारी वीज बहुतेक ठिकाणी होती तशीच राहिली. तडजोडीची ही रीत आपल्या लग्नाच्या याद्यांतही चालते.

आता तिसऱ्या पिनेबद्दल, कारण खरी गोष्ट तीच आहे. वायरमनकाकांनी मला शाळेच्या मागच्या कोपऱ्यात नेले आणि झाकण उचलून अर्थिंगचा खड्डा दाखवला. त्यात पत्रा किंवा नळी पुरलेली, भोवती कोळसा आणि मीठ, आणि ओल टिकावी म्हणून वरून पाणी. काका म्हणाले, "बाई, दोन पिना काम करतात आणि तिसरी राखण करते. मशीन ठीक आहे तोवर तिला काही काम नाही. ज्या दिवशी आत तार सुटून पत्र्याला लागेल, त्या दिवशी वीज माणसातून जायच्या आधी हिच्यातून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. म्हणून ती सगळ्यांत लांब. आधी शिरते, शेवटी निघते. आणि लोक काय करतात? दोन पिनांचा ठोकळा लावतात, नाहीतर तिसरे भोक पेनाने उघडतात आणि दोन वायरी खुपसतात!"

मी खाली पाहिले. माझ्या निळ्या गादीचा ठोकळा दोन पिनांचाच होता.

आठ दिवसांनी मायलेकी पुन्हा आल्या. मी वहीत मुद्दे काढून ठेवले होते. मुलीला म्हटले, "तुझा मिक्सर तिकडे चालेल. वीज २३०, आवर्तने ५०, दोन्ही आपलीच. फक्त पिन बदलावी लागेल. तिसरी पिन जमिनीला लागते असाच ठोकळा घे. स्वस्तातला घेऊ नकोस. त्याहून बरे म्हणजे तिकडच्या जाणत्याकडून फ्यूज असलेला तिकडचा प्लगच बसवून घे. मोबाईलचा चार्जर कुठेही चालतो, त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. तो आत येईल त्या विजेला आपल्या मापात घेतो. पण उद्या अमेरिकेला जाशील तर हा मिक्सर नेऊ नकोस, तिथला वेगळा. केस वाळवायचे यंत्र, इस्त्री, शेकाची पिशवी, जे जे तापते ते त्या त्या देशात घे. आणि काहीही लावण्याआधी मागची बारीक अक्षरे वाच. मी वाचली नव्हती."

आई म्हणाली, "म्हणजे बाई, मिक्सर न्यायचा ना?"

"न्यायचा," मी म्हटले.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बाई, त्यांचाच जुना प्लग आपण वापरतो, आणि ते वापरत नाहीत."

"हो. आणि म्हणून आपण मागासलेले असे काही नाही. आपलीही तिसरी पिन लांबच आहे. फक्त तिच्यामागे खड्डा खोदलेला असावा लागतो."

ती गेली. पहिल्या दिवाळीला तिचा फोन आला. मिक्सर चालतो म्हणाली. पण शेजारची इंग्रज म्हातारी त्याच्या आवाजाने घाबरून दार ठोठवायला आली आणि वाटणाच्या वासाने आत येऊन बसली. फोनवर मागे मिक्सरचा आवाज येतच होता. इकडे तिची आई ओट्यावर आकाशकंदिलाची वायर सोडवत बसली होती. वायरीला प्लग नव्हता. दोन उघडी टोके होती आणि ती बोर्डाच्या भोकांत काडीने दाबायची तयारी चालली होती. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, घरातून एक तीन पिनांचा प्लग आणि स्क्रूड्रायव्हर आणला, आणि काकांनी शिकवले होते तसे दोन्ही टोके त्यात नीट कसून दिली. कंदिलाच्या वायरीला जमिनीची तार नव्हती, पण निदान उघडे तांबे कोणा पोराच्या बोटाशी राहिले नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही दारात माळा लागलेल्या असतील. लाडू खाता खाता एकदा उठा, ती माळ भिंतीत कशी बसवली आहे ते पाहून या, आणि मग पुढचे पान उलटा.